विंचवाचं बिऱ्हाड आणि एक दाभण

(वाचक विचारतात)

मागच्या अंकात लांबच्या पायी प्रवासाला किती वजन घ्यावं यावर लिहिलं होतं, तर त्यावर आलेली निम्मी पत्रं तुटक्या पट्ट्यांची, सुटलेल्या तळांची आणि न लागणाऱ्या चेनची निघाली. म्हणून ह्या वेळी फक्त रिपेअरिंगची थैली. काही पत्रं लांब होती, छोटी करून घेतली आहेत, राग मानू नये.

आम्ही दोघं देवउठनी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून पायी नर्मदा परिक्रमेला निघतोय. ह्यांनी रिपेअरिंगचं सामान म्हणून एक स्टीलचा डबा भरलाय. पक्कड, स्क्रूड्रायव्हरचा सेट, एम-सील, फेविक्विकच्या सहा ट्यूब, काळी टेप, सुतळीचा गुंडा आणि चक्क छोटी हातोडी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर १ किलो ३८० ग्रॅम भरलं. मी म्हणते एवढं वाहणार कोण, ते म्हणतात झाडीत काही तुटलं तर तू काय करशील. तुम्हीच निवाडा करा.
— एक काकू, सुदामानगर, इंदूर

काकू, निवाडा तुमच्या बाजूनं, पण पूर्ण नाही, कारण काकांच्या प्रश्नात दम आहे. हातोडी मात्र आजच घरी ठेवा, नर्मदेच्या काठी ठोकायला दगड कमी नाहीत.

मी पण पहिल्यांदा असाच डबा घेऊन निघालो होतो. बडवानी अजून दीड दिवस लांब असेल, बॅगचा उजवा पट्टा जिथे बॅगेला शिवलेला असतो ना तिथूनच उसवला, तीन टिपांपैकी दोन गेल्या आणि सगळं वजन एका कोपऱ्यावर लटकायला लागलं. माझ्याकडे फेविक्विक होतं, एम-सील होतं, टेप होती, सुई पण होती, पण ती शर्टाचं बटण लावायची, पट्ट्याच्या चार पदरांतून जाईचना, जोर लावून ढकलली तर नेढ्याशी मोडली आणि अर्धी बोटात. जिथे दुपारचं जेवण मिळालं होतं त्या घरच्या मावशी हे सगळं बघत होत्या. त्या काही न बोलता आत गेल्या, कुडात खोचलेलं दाभण काढून आणलं. खताच्या गोणीचं तोंड शिवलेलं असतं तो दोरा, बरोबर टोक धरून ओढलं की सर्र करून अख्खा निघून येतो, तसला एक गुंडाळून ठेवलेला होता त्यांच्याकडे, तो दुपदरी ओवला आणि पट्टा बॅगेवर दाबून धरून असे टाके घातले की आज इतक्या वर्षांनी बॅगचा रंग उडाला, तो जोड तसाच आहे. दाभण पण मलाच देऊन टाकलं. तेव्हापासून ते माझ्या थैलीत आहे.

तर माझा हिशोब असा की थैलीत फक्त पुढच्या मोच्यापर्यंत पोचवेल एवढंच घ्यायचं. मोच्याचं काम मोची करेल, शिंप्याचं शिंपी, परिक्रमेच्या वाटेवर बाजाराच्या गावात हे लोक भेटतातच, आपल्याला मधले दोन-तीन दिवस काढायचे असतात. फक्त एक भानगड खास परिक्रमेची आहे, मैया म्हणजे नर्मदा ओलांडायची नाही. ती उजव्या हाताला ठेवून तुम्ही ओंकारेश्वरहून दक्षिण तटानं निघालात की नावडाटोलीत उभं राहून समोर महेश्वरचे घाट दिसतात, बाजार पण दिसल्यासारखा वाटतो, आणि तुमच्या चपलेचा अंगठा तुटलेला असला तरी तिथला मोची तुमच्या कामाचा नाही. तुम्ही महेश्वरला पोचणार ते समुद्रापर्यंत जाऊन, विमलेश्वरहून नावेनं मिठीतलाईला उतरून, उत्तर तटानं परत येताना, म्हणजे दीड-दोन महिन्यांनी! त्यामुळे दुकान आहे का हे विचारताना आपल्या तटावर आहे का हे विचारायचं. दक्षिण तटावर बडवानीला सगळं तपासून घ्या, जे शिवायचं-चिकटवायचं ते तिथेच उरका, कारण त्यापुढे शूलपाणीची झाडी, म्हणजे जंगलच. (पूर्वी झाडीत परिक्रमावासींना लंगोटीपर्यंत लुटायचे म्हणतात, रिपेअरिंगचा प्रश्नच मिटायचा.)

आता डब्यात काय राहील ते सांगतो. एक दाभण, दोन जाड सुया, ह्या कोल्ड्रिंकच्या स्ट्रॉच्या तुकड्यात घालून दोन्ही टोकं मेणबत्तीवर धरून चिमटायची म्हणजे बॅगेत कुठे टोचत नाहीत. दोरा मोची वापरतात तो मेण लावलेला नायलॉनचा, पाच-सहा मीटर, जुन्या एटीएम कार्डावर गुंडाळा. घरातला सुती दोरा नको, घाम आणि ओल लागून तो कुजतो. मोच्याचा दोरा नाही मिळाला तर दातांचा फ्लॉस चालतो, डबीलाच कापायचं पातं असतं. आणि काकू, दोघांना चष्मा असेल तर सुईत दोरा ओवायची ती पत्र्याची बारीक तारेची चकती नक्की घ्या, कंदिलाच्या उजेडात जाड दोरा ओवणं काय असतं ते मी भोगलंय. चष्म्यावरून आठवलं, दांडीचा स्क्रू पडतो तो घराबाहेरच पडतो, त्या भोकातून तोच दोरा दोन-तीनदा ओवून गाठ मारली की पुढच्या गावापर्यंत निभतं, पण जुना का होईना, जास्तीचा एक चष्मा जवळ असू द्या.

काळी टेप काढा, ती वायरसाठी असते, कापडाला धरत नाही. त्याऐवजी डक टेप, पण अख्खा रोल नाही, मीटरभर, काठीला गुंडाळून टाका, दहा-बारा ग्रॅमच्या वर जात नाही आणि थैलीतली जागा पण वाचते. सेफ्टी पिना पाच-सहा, त्यात दोन मोठ्या. हवाई चपलेचा अंगठा भोकातून निसटतो तेव्हा तो परत खालून बाहेर ओढायचा आणि खालच्या गोळ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे गोळा आणि तळ यांच्या मध्ये, सेफ्टी पिन आडवी अडकवायची, हे तर आपल्याकडे शाळेतल्या पोरांना पण येतं. केबल टाय चार. सुतळीच्या जागी नायलॉनची बारीक दोरी तीन मीटर, कापलेलं टोक काडीनं जाळून घ्या नाहीतर उसवत जाते, रोज तिच्यावर कपडे वाळत घाला. कमरेच्या पट्ट्याची क्लिप एक जास्तीची, आणि ती घ्यायच्या आधी पट्ट्याची रुंदी मोजून न्या, २०, २५, ३८ मिलिमीटर अशा असतात, अंदाजानं आणलेली बसत नाही. मधल्या दांडीला चीर असलेली क्लिप मिळाली तर सोन्याहून पिवळं, शिवण न उसवता पट्टा आत सरकवता येतो. तुटलेल्या क्लिपवर एम-सील लावायचा विचार काकांनी सोडून द्यावा, त्या प्लॅस्टिकला ते धरत नाही, वाळतं आणि पापुद्र्यासारखं निघून येतं.

पक्कड आणि स्क्रूड्रायव्हरच्या सेटऐवजी ५८ मिलिमीटरची ती छोटीशी स्विस नाइफ, वीसेक ग्रॅमची, तिच्यात पातं, कात्री, चिमटा सगळं येतं. जाड पट्ट्यातून सुई ढकलायला नाण्याचा किंवा चपट्या दगडाचा आधार घ्यायचा. हे सगळं एका चेनच्या पाऊचमध्ये घालून परत काट्यावर ठेवा, शंभर-सव्वाशे ग्रॅम भरेल. निघायच्या आधी काकांना एकदा घरच्या जुन्या बॅगचा पट्टा उसवून परत शिवायला लावा, धावदोरा नाही, उलटी टीप, एक टाका पुढे अर्धा मागे. टीव्हीसमोर बसून करता येतं. नर्मदे हर.

सहा वर्षांपूर्वी हिमालयात एका ट्रेकसाठी महागातले बूट घेतले, एकदाच घातले, नंतर डब्यात कागद भरून जपून ठेवले. गेल्या रविवारी जानापावला गेलो तर चढतानाच एका बुटाचा तळ पोळीसारखा सुटला आणि उतरताना दुसऱ्याचा. नवेकोरे बूट असे कसे जातात? आणि तिथल्या तिथे काय करायला हवं होतं?
— विजयनगर, इंदूर

जपून ठेवले म्हणूनच गेले! बुटाच्या तळात वरच्या चामड्या-कापडाच्या आणि खालच्या रबराच्या मध्ये एक फोमचा थर असतो, बऱ्याच ट्रेकिंग बुटांत तो पॉलियुरेथेनचा असतो. हवेतली ओल त्याच्यात हळूहळू शिरते आणि रासायनिकरीत्याच तो तुटत जातो, ह्याला हायड्रोलिसिस म्हणतात, तुम्ही चाला नाहीतर कपाटात ठेवा. उलट नेहमी पायात असलेले बूट जरा जास्त टिकतात. आपल्याकडे चार महिने पाऊस, डबा बंद, कपाट बंद, म्हणजे बघायलाच नको. वरून बूट एकदम चकाचक दिसतो आणि आतला थर शिळ्या केकसारखा भुसभुशीत झालेला असतो. ईव्हीए नावाच्या दुसऱ्या फोमच्या बुटांना हा रोग नाही, ते दबून चपटे होतात फक्त.

निघायच्या आधी तपासायचं असेल तर तळाच्या बाजूला जो मधला थर दिसतो त्यावर अंगठ्याचं नख जोरात दाबा. खळगा पडून परत फुगला तर ठीक, बारीक भेगा दिसल्या किंवा भुगा सांडला तर ते बूट घालून दारातल्या दुकानापर्यंतच जा. आणि ही तपासणी आदल्या रात्री नको, महिनाभर आधी करा, नवीन बूट पायाला बसायला वेळ लागतो.

जानापाव म्हणजे इंदूरहून सकाळी जाऊन दुपारी घरी, म्हणून तुमची गंमत झाली. हेच चार दिवसांच्या वाटेवर झालं असतं तर दोरी. पुढच्या भागाला केबल टाय लावायचे, गाठ वरच्या बाजूला. मागे दोरी टाचेच्या पुढे जो खोलगट भाग असतो तिथून फिरवून घोट्याला बांधायची, कारण तिथे ती जमिनीला घासत नाही, बाकी कुठूनही नेली तर तासाभरात तुटते. नुसती डक टेप गुंडाळली तर दगडांवर तिची पण तीच गत. गोंदानं चिकटवायचा प्रकार इथे चालत नाही कारण तुम्ही भुग्याला भुगा चिकटवत असता. मी माझे असेच गेलेले बूट घेऊन राजवाड्याजवळच्या एका मोच्याकडे गेलो होतो, त्यानं बोटानं तो थर खरवडला, भुगा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "भिया, इसमें टाँका किसको मारूँ?"

तळ नुसता कडेला सुटला असेल आणि आतला थर घट्ट असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा मोची वापरतात तो पिवळा रबरी गोंद, एसआर ९९८ किंवा फेव्हीबाँड, चांगला धरतो, पण लोक लावला की लगेच दाबतात. दोन्ही बाजू कोरड्या करा, दगडानं खरवडा, दोन्हीकडे पातळ थर द्या, दहा-पंधरा मिनिटं उघडं ठेवा, बोटाला चिकटेनासं झालं की मग एकदाच नीट जुळवून जोरात दाबा आणि दोरीनं बांधून रात्रभर सोडा. ओल्या बुटाला काही करू नका.

दादा, आम्ही कॉलेजचे चौघं उत्तराखंडात स्वतःच्या तंबूत राहून आठ दिवस चालणार आहोत. दोन एअर मॅट्रेस आहेत, पंक्चर झाली तर सायकलच्या पंक्चरचं किट चालेल ना? आणखी काय?
— खंडवा रोड, इंदूर

नाही चालणार रे. सायकलचं सोल्युशन रबरी ट्यूबसाठी असतं, तुमची मॅट्रेस बहुतेक नायलॉन आणि टीपीयू नावाच्या लवचिक प्लॅस्टिकची, तिच्यावर ते काही दिवस धरल्यासारखं करतं आणि बरोबर थंडीच्या रात्री सोडतं. मॅट्रेसबरोबर आलेले पॅच असतील तर ते घ्या, नाहीतर टेनेशियस टेपसारखी कापडाची पारदर्शक टेप आणि युरेथेनचा गोंद, सीम ग्रिप वगैरे, हा सुकायला आठ-बारा तास खातो म्हणजे सकाळी लावून रात्री झोपायचं. पॅचचे कोपरे कात्रीनं गोल करा, चौकोनी कोपरा आधी उचकटतो. फर्स्ट एडमधल्या स्पिरिटच्या पट्टीनं जागा पुसून घ्या.

पण त्याआधी, रात्री मॅट्रेस ढिली झाली म्हणजे पंक्चर झाली असं नाही. संध्याकाळी तोंडानं फुंकलेली गरम हवा रात्री थंड होऊन आकसते, उठून चार फुंका मारून बघा, सकाळपर्यंत टिकली तर मॅट्रेस बरी आहे. खरंच गळत असेल तर साबणाचं पाणी चोळा, बुडबुडा आला की लगेच पेननं गोल करा, वाळल्यावर ते भोक परत सापडत नाही.

तंबूच्या काठीसाठी अॅल्युमिनियमची छोटी नळी येते, काठीवरून सरकेल इतकी, मोडलेल्या जागी ती चढवून दोन्ही टोकांना टेप. ती नसेल तर तंबूचा खुंटा काठीला लावून टेप गुंडाळायची, पाय मोडल्यावर फळी बांधतात तसं. तंबूचं कापड सिलिकॉनचं असेल तर साध्या कुठल्याच टेपा त्याला धरत नाहीत, सिलिकॉनचाच गोंद लागतो, हे लेबलवर आत्ता घरी वाचा. आणि पाण्याचा तो बारीक नळ्यांचा फिल्टर असेल तर रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, एकदा गोठला की आतल्या नळ्या फाटतात, बाहेरून काही दिसत नाही, आणि त्याला कुठलीच दुरुस्ती नाही. चौघांत एकच थैली करा, प्रत्येकानं टेप आणली तर चार टेपा होतात आणि सुई एकाकडे पण नसते, हे मी नेहमी बघतो.

फाटलेल्या ट्रॅकपँटला फेविक्विक लावलं तर धूर आला आणि मांडी भाजली. नकली माल होता का?
— रामबाग, इंदूर

अस्सल होता हो. सुती कापड आणि ते रसायन एकत्र आलं की जोरात उष्णता सुटते, ट्यूबवर बारीक अक्षरात सूचना असतात, कोण वाचतं. कापडाला लावायचंच नाही, वाळल्यावर काचेसारखं कडक होतं आणि वाकवलं की तडकतं. काठीची मूठ, फोनचं कव्हर अशा कडक गोष्टींना एक छोटी ट्यूब पुरते, आणि उघडलेली ट्यूब दुसऱ्या वेळी दगड झालेली असते हे गृहीत धरा. भाजलं तेव्हा कापड ओढून काढलं नाहीत ना? चामडी निघून येते.

बॅगची चेन लागते पण मागून उघडत जाते. इथल्या एका दुकानात अख्खी चेन बदलायला सांगतात आणि आठ दिवस लागतील म्हणतात.
— एक ताई, पलासिया, इंदूर

ताई, दात शाबूत असतील तर चेन बदलू नका, रनर, म्हणजे चेनवर मागेपुढे सरकतो तो तुकडा, बदला. रनरचे दोन ओठ वापरून वापरून फाकतात आणि दात एकमेकांत नीट दाबले जात नाहीत, मग मागून उघडते. आधी जुन्या टूथब्रशनं धूळ काढा. मग पकडीनं रनरची मागची दोन्ही टोकं, एकेक करून, अगदी हलकं दाबा, दाबा म्हणजे लिंबू पिळायचं नाही, थोडं दाबून चालवून बघायचं, परत थोडं. जास्त दाबलं तर रनर तडकतो आणि मग खरंच आठ दिवस. चेन अडकत असेल तर दातांवरून मेणबत्ती किंवा शिसपेन्सिल घासा. तेल नको, धूळ धरतं.

ह्यानं जमलं तरी हा तात्पुरता इलाज आहे, रनर म्हातारा झालाय. त्याच्या पाठीवर आकडा असतो, ३, ५, ८ किंवा १०, तो बघा आणि त्याच नंबरचा, त्याच प्रकारच्या चेनचा रनर शिवणसामानाच्या दुकानातून आणा, चहापेक्षा फार महाग नसतो. लांब जाणार असाल तर एक जास्तीचा थैलीत टाका, मुख्य चेनच्या नंबरचा. तंबूच्या चेनला तर नक्कीच, मच्छर रनरची वाट बघत बसत नाहीत.

हे सगळं विमानात चालतं का?
— गीता भवन, इंदूर

नाइफ, कात्री, दाभण चेक-इन बॅगेत. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. मोच्याचा गोंद पेटणारा असतो, तो दोन्हीकडे चालत नाही, उतरल्यावर तिथेच घ्या.

तुमचं सदर वाचून हसू येतं. आमचे आजोबा अनवाणी परिक्रमा करून आले, त्यांच्याकडे ना टेप होती ना क्लिप. चालणाऱ्याला काही लागत नाही.
— लोकमान्यनगर, इंदूर

आजोबांना नमस्कार. अनवाणी होते म्हणता, मग निमाडातल्या बाभळीच्या काट्यांचं काय केलं असेल? काटा आत मोडला की वरची कातडी सुईनं जरा उकलावी लागते, सुई आधी काडीवर तापवून, आणि काटा आला त्याच दिशेनं उलटा काढायचा, पिळायचा नाही. घरात जरा जुन्या लोकांना विचारून बघा, आजोबांची झोळी कुणाकडे असेल तर तिच्या कडेला एखादी सुई खोचलेली सापडेल असं माझं म्हणणं आहे. सापडली तर कळवा.